जीपच्या मागच्या एक्सलचं ऑइल: दोनदा सील बदलूनही गळत होतं ते कसं थांबलं

आमची जीप महिंद्राची सीजे ३बी, १९६९ चं मॉडेल, पेट्रोल, ते उंच बॉनेटवालं. आजोबांनी द्राक्षाच्या पैशातून सेकंडहँड घेतली होती आणि अण्णा म्हणजे माझे वडील तिच्यावरच गाडी शिकले. नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या मळ्यात शेडमध्ये ती उभी असते, आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढतो. जानेवारीत म्हसरूळकडून घरी येताना ब्रेक दाबला तर गाडी एकदम उजवीकडे ओढली. घरी येऊन मागचं डावं चाक बघितलं तर आतल्या बाजूने काळा ओघळ, टायरच्या भिंतीवरून खाली फरशीपर्यंत आलेला.

आता हा ओघळ ब्रेक ऑइलचा की एक्सलमधल्या गिअर ऑइलचा हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्ही दुखणी वेगळी. मी वाटीत पाणी घेतलं आणि बोटावर थेंब घेऊन त्यात सोडला. ब्रेकचं ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. आमचा थेंब तरंगला आणि त्याचा रंगीत तवंग पसरला. वासावरून पण कळतं, नव्वद नंबरच्या ऑइलला गंधकाचा वास असतो, फटाके उडवून झाल्यावर अंगणात येतो ना साधारण तसा, आणि एकदा हाताला लागला की साबणाने दोनदा धुतलं तरी जात नाही. म्हणजे मागच्या एक्सलचं सील, तेल अडवणारी रबरी रिंग, गेलंय एवढं नक्की झालं.

मी गाडी जवळच्या एका गॅरेजला दिली. पोरगं चाकाचे नट खोलायला बसलं आणि डावीकडे जोर लावतंय, नट हलेना, अजून जोर, आणि एक स्टड कट्कन मोडला. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे नट उजवीकडे फिरवला की सुटतो, स्टडच्या तोंडावर इंग्रजी एल कोरलेला असतो, पण त्यावर इतकी माती आणि गंज की दिसला नाही. मी तिथे असतो तर सांगितलं असतं. मग ड्रम निघेना म्हणून एक्सलच्या टोकावर घण घातला. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा एक्सलच्या टोकाचे पहिले दोन आटे चपटे झालेले, स्प्लिट पिनचं भोक वाकडं. सील नवीन टाकलंय, आता गळणार नाही म्हणाले.

बारा दिवसांनी परत ओघळ. परत तिथेच नेली, त्यांनी दुसरं सील टाकलं, आणि सगळीकडे सिलिकॉन थापलं. या वेळी डावी बाजू महिनाभर कोरडी राहिली. मी खूश होतो. आणि मग एक दिवस अण्णांनी हाक मारली, "इकडं ये रे, आता उजवीकडून पण यायला लागलं." उजव्या चाकाला इतक्या वर्षांत कधी थेंब नव्हता हो. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की डावीकडे दार बंद केलं म्हणून तेल उजवीकडून निघालं, म्हणजे आतून काहीतरी त्याला ढकलतंय.

अण्णांच्या ओळखीचे एक चाचा आहेत, नाशिकच्या द्वारकेकडे त्यांचं जुनं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो आणि ते फक्त जीप आल्या तरच हात लावतात. मी त्यांना जाऊन भेटलो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सील कुणी मारलं ते सोड बेटा, ब्रीदर पाहिला का कुणी?" मी म्हटलं नाही. "मग शुक्रवारी येतो. गाडी खोलू नकोस, मी आल्यावर आधी फिरवून आणू."

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून ते मळ्यात आले. गाडी चालू केली, म्हसरूळपर्यंत जाऊन परत आलो, आणि शेडमध्ये आल्या आल्या ते खाली सरकले आणि डिफरन्शियलचा, म्हणजे एक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या गोळ्याचा, तेल भरायचा प्लग पान्याने हळूच ढिला केला. फुस्स असा आवाज आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा, आणि प्लगच्या कडेने तेलाचे बुडबुडे. चाचा खालूनच म्हणाले, "ऐकलं?"

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला एक बारीक टोपीसारखा ब्रीदर असतो. गाडी चालली की गिअरचे दात घासून ऑइल तापतं, आतली हवा फुगते, ती ब्रीदरमधून बाहेर जाते. थंड झालं की हवा परत आत येते. ब्रीदर बंद असेल तर ती फुगलेली हवा वाट शोधते, आणि सगळ्यात कच्ची वाट म्हणजे सीलचा रबरी ओठ, त्याच्याखालून ती तेल घेऊन निघते. आणि थंड होताना उलट होतं, तीच वाट धुळीचं पाणी आत ओढते, म्हणजे बेअरिंगचं पण नुकसान. आमचा ब्रीदर कुणीतरी अंडरकोट मारताना सरळ रंगवून टाकला होता, त्यावर माती बसून दगड झालेला. चाचांनी तो पान्याने काढला, डिझेलमध्ये भिजवला, टाचणीने भोक मोकळं केलं आणि तोंडाने फुंकून बघितलं. दहा मिनिटांचं काम. पण एवढ्यावर सुटका नव्हती, कारण इतके दिवस दाबाखाली चाललेल्या सीलचं आणि घण खाल्लेल्या बेअरिंगचं काय झालंय ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

आता खोलायची गोष्ट, इथे मी जरा सविस्तर सांगतो कारण याच जागी माणसं चुकतात. या जीपचा मागचा एक्सल डाना-स्पायसर पद्धतीचा, त्यात शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्या निमुळत्या भागावर चाकाचा हब बसतो आणि मध्ये खाचेत एक चावी, म्हणजे लोखंडी तुकडा असतो. नट घट्ट केला की हब त्या उताराला इतका चिकटतो की हाताने सुटणं शक्यच नाही. घण घातला तर धक्का थेट शाफ्टमधून आतल्या बेअरिंगला आणि दोन शाफ्टांच्या मधल्या ठोकळ्याला जातो. म्हणून हब पुलर लागतो, तोही साधा तीन पायांचा नाही, चाकाच्या स्टडांना बांधायचा जड पुलर. चाचांचा पुलर इतका जुना की त्याच्या बोल्टची टोकं हाताने घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी आधी वाकडे आटे बारीक कानशीने सरळ केले, मग स्प्लिट पिन काढली, मोठा नट ढिला केला, पण पूर्ण काढला नाही. दोन-तीन आटे फिरवून तसाच ठेवला. म्हणाले, "सुटतो तेव्हा उडतो. नट असला की तिथेच थांबतो, नाहीतर पायावर."

पुलर आवळला, पाईप लावून अजून आवळला, बोल्टवर एक ठोका दिला, परत आवळला. हब जागचा हलेना. पाच वाजले, सहा वाजले. चाचांनी हात पुसले आणि सांगितलं की ताण असाच राहू दे, उद्या येतो. मला वाटलं आता पुलरच मोडणार. रात्री झोपलो होतो, पहाटे साडेचारच्या सुमाराला शेडमधून ठाण्ण असा आवाज आला, कुत्रा उठून भुंकायला लागला, अण्णा बॅटरी घेऊन बाहेर आले. हब आपोआप सुटून नटला येऊन टेकला होता. आम्ही दोघं बॅटरीच्या उजेडात तिथे उभे राहिलो, आणि अण्णा म्हणाले, "दमानं घेतलं ना म्हणून."

ड्रम काढल्यावर आतलं दृश्य वाईट होतं. ब्रेक शूचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, तेलाने भिजून काळे मऊ झालेले. इथे एक सांगायचंय, आत जी धूळ असते ती कॉम्प्रेसरने कधीच उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका. चाचांचा मुलगा आधी हवा मारायला निघाला होता, मी थांबवलं.

मग बॅकिंग प्लेटचे, म्हणजे ड्रमच्या मागच्या पत्र्याचे बोल्ट काढले. त्या प्लेट आणि एक्सलच्या मध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतात, कागदासारख्या, आणि त्या फार महत्त्वाच्या. डावीकडच्या वेगळ्या पिशवीत, उजवीकडच्या वेगळ्या, वर मार्करने लिहून. त्या शिमवर शाफ्टचा आत-बाहेर खेळ ठरतो. खेळ नसेल तर बेअरिंग तापून जळतं, जास्त असेल तर शाफ्ट हलतो आणि सील खातो.

शाफ्ट बाहेर आला. चाचांनी तो मांडीवर घेतला, बेअरिंगच्या आतल्या अंगाला जिथे सीलचा ओठ बसतो तिथे नख फिरवलं आणि माझा हात धरून माझंही नख तिथे फिरवलं. खाच लागली. गोल रिंगणासारखी, चमकणारी, केसाइतकी रुंद पण नख अडकेल इतकी खोल. पन्नास वर्षं रबर आणि धुळीने घासून झालेली. त्या खाचेवर कितीही नवं सील टाकलं तरी ओठ तिथे टेकत नाही, म्हणजे गळती येणारच. गॅरेजवाल्यांनी दोन सीलं टाकली, दोन्ही वेळा त्याच खाचेवर. बेअरिंगचे रोलर बघितले तर त्यावर बारीक बारीक खड्डे, देवीच्या व्रणांसारखे. ते पण घणाचं आणि पाण्याचं काम असावं.

उजवा शाफ्ट पण काढला. तिथे खाच होती पण अगदी उथळ, नखाला जेमतेम जाणवेल एवढी.

डावा शाफ्ट घेऊन मी सातपूरला गेलो. एमआयडीसीत एक काका लेथ चालवतात, आयुष्यभर मोठ्या कारखान्यात ग्राइंडिंगवर होते. त्यांनी मायक्रोमीटर लावला आणि दोन रस्ते सांगितले. एक, हार्ड क्रोम करून परत मापाला घासायचं, छान होतं पण आठ-दहा दिवस जातात आणि प्लेटिंगवाल्याकडे शाफ्ट वाकला तर कुणी जबाबदारी घेत नाही. दुसरा, बाजारात स्टेनलेसची पातळ स्लीव्ह मिळते, भिंत जेमतेम पाव मिलिमीटरच्या वर, ती खाचेवर चढवायची आणि सील तिच्यावर बसतं. मी स्लीव्ह घेतली. आधी जुनं बेअरिंग प्रेसवर काढलं, खाचेत थोडा मेटल फिलर भरला, मग काकांनी स्लीव्ह एका नळीच्या साहाय्याने सरळ ठोकली, तिरकी जाऊ नये म्हणून पाच-सहा वेळा थांबून बघितलं. त्यानंतर नवीन बेअरिंग त्यांनीच प्रेसवर बसवलं.

उजव्यासाठी चाचांची वेगळी युक्ती. सील त्याच्या घरात, म्हणजे ते बसतं त्या भोकात, नेहमीपेक्षा दोन मिलिमीटर आत बसवायचं, म्हणजे ओठ खाचेवर न टेकता शेजारच्या कोऱ्या जागेवर टेकतो. पैसे शून्य. पण घर तेवढं खोल पाहिजे आणि सील सरळ जायला पाहिजे.

सील आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने जीपचं म्हटल्यावर एक काढून दिलं. मी व्हर्नियर घेऊनच गेलो होतो. आतलं माप बरोबर, बाहेरचं माप जरासं कमी, म्हणजे घरात ते सैल बसलं असतं आणि सीलच्या बाहेरून तेल आलं असतं. दोन दुकानं फिरून तिसऱ्यात मिळालं. जुन्या गाडीचं सील नावाने मागू नका, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असं तिन्ही माप घेऊन मागा.

बसवताना सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे, म्हणजे आतल्या बाजूला. ओठाला थोडं गिअर ऑइल लावायचं, कोरडा ओठ पहिल्या पाच मिनिटांत जळतो. शाफ्ट आत घालताना त्याच्या दातांनी ओठ फाटतो, म्हणून चाचांनी दातांवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, शाफ्ट ओठातून पार झाला आणि मग पिशवी ओढून काढली. मी श्वास धरून बघत होतो.

मग शिम. जुन्याच शिम परत टाकल्या, बोल्ट आवळले, शाफ्टच्या टोकाला मापाचा डायल लावला आणि आत-बाहेर ढकलून बघितलं. खेळ निघाला अकरा थाउ, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बेअरिंग नवीन असल्यामुळे माप बदललेलं. एक पातळ शिम काढली, परत सगळं आवळलं, शाफ्टवर लाकडी हातोडीने दोन टप्पल मारले म्हणजे बेअरिंगचा कप नीट बसतो, परत डायल. पाच थाउ. चाचांनी मान हलवली. या एका गोष्टीला दीड तास गेला आणि तो दीड तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आधीच्या दोन्ही वेळा कुणी डायल लावलाच नव्हता.

हब बसवताना निमुळता भाग अगदी कोरडा पाहिजे, तेलाचा हात सुद्धा नको. ग्रीस लावलं तर सहज बसतो असं वाटतं, पण मग घट्ट करताना हब जास्त वर चढतो आणि फाटू शकतो. चावी नवीन टाकली. चावीच्या खाचेतून पण तेल बाहेर झिरपू शकतं म्हणून तिथे थोडा सीलंट. नट दीडशे फूट-पाउंडाला आवळला, म्हणजे साधारण एक मीटर पाईपच्या टोकावर वीस किलो. भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, पिनेसाठी मागे ढिला करायचा नाही.

लायनर दोन्ही बाजूंचे नवीन केले. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, तव्यावर भाजून वापरणारे लोक आहेत, मी पण ऐकलं होतं, पण तापला की आतलं तेल परत वर येतं. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक परत एका अंगाला ओढणार. ड्रम पण लेथवर हलकेच साफ करून घेतले.

एक-दोघांनी मला सांगितलं होतं की एवढा खर्च करतोस त्यापेक्षा नव्या गाडीचा अख्खा एक्सल टाक. पण अण्णांना गाडीचं व्हिंटेज रजिस्ट्रेशन करायचंय. २०२१ मध्ये केंद्राने नियम आणला, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठीच. आजोबांचा एक्सल काढून दुसरा टाकायचा माझाही जीव होत नव्हता.

शेवटी ऑइल. ईपी ९०, साधारण सव्वा लिटर, गाडी सपाट जागेवर उभी करून प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, त्याच्या वर नाही. आधीच्या गॅरेजने पाठीमागून गाडी जॅकवर असतानाच भरलं होतं, त्यामुळे पातळी चुकली होती, जास्तीचं तेलही सीलवरच येतं.

खाली एक मोठा पुठ्ठा टाकला आणि त्यावर चाकांच्या खुणा करून ठेवल्या. पहिले आठ दिवस मी रोज सकाळी छाटणीवर जायच्या आधी खाली वाकून बघायचो. द्राक्षाची खरड छाटणी सुरू होती, मजूर येऊन उभे असायचे आणि मी जीपखाली. कोरडं होतं.

मग यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही सप्तशृंगी गडावर गेलो. आई, अण्णा, मी, दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत, आणि तिथून घाट. वर जाताना एक्सलला सगळ्यात जास्त मेहनत, उतरताना ब्रेकला. दर्शन घेऊन उतरताना अण्णा चालवत होते, एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत हळू झाली, तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाही. नांदुरीला खाली थांबलो, गाडी गरम असतानाच मी प्लग ढिला केला. काहीच आवाज नाही. आई म्हणाली, "खाली काय ऐकतोयस?"

त्याला आता चार महिने झाले. दोन्ही मागची चाकं आतून धुळीने भुरकी आहेत, ओल नाही. फक्त पुढच्या बाजूला, गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो तिथे पिनियनच्या, म्हणजे लहान गिअरच्या सीलपाशी थोडा दमटपणा दिसतोय, थेंब पडत नाही अजून. चाचांना दाखवलं. म्हणाले नटावर खुणा करून काढू, घाई नाही. गोडीबार छाटणी उरकली की त्यांना बोलावणार आहे, सील आधीच मापून आणून ठेवलंय.